वाऱ्याकडचा वाटा

खिनेस आल्यापासून ब्रिखिदाच्या जिवाला थारा नव्हता. तिचा हा धाकटा भाऊ एकतीस वर्षांनी व्हेनेझुएलाहून आला होता, आणि गुरुवारी त्याचं परतीचं विमान. कायमचा परत येणार की नाही, हे विचारायला तिची जीभ रेटेना. तीन दिवस बिचारी नुसती भांडी इकडची तिकडं करत होती.

बुधवारी तोच म्हणाला, "चल, रान बघून येऊ."

बेटावरचं त्यांचं सोओ गाव संपलं की वाळू सुरू. उत्तरेचा वारा बारमाही. समुद्राकडची वाळू उचलायची नि बेटाच्या पार पलीकडं नेऊन टाकायची, एवढाच त्याचा उद्योग. जो काडाच्या जुड्या रोवून मधे कूड घालेल त्याचं रान राहतं, आळस करेल त्याचं गडप होतं.

वडलांनी रान दोघांत सारखं वाटलं होतं. ब्रिखिदाच्या वाट्यात रताळ्याचे वेल पसरले होते. खिनेसचा वाटा रिकामा, पण त्यातही हातहातभर उंचीचे कूड ओळीनं उभे होते. काड यंदाचं, पिवळंधमक.

खिनेस थबकला. "इथं तर काही लावलेलं नाही. मग हे कोणी घातलं?"

"मी. बाबा होते तोवर बाबांनी."

"दर वर्षी?"

"मग काय, वाळू सुट्टी घेते?"

त्याचे डोळे भरून आले. "बाबा शेवटपर्यंत माझी वाट बघत राहिले, आणि तुझे गुडघे झिजले माझ्यापायी. पुरे झालं, ब्रिखिदा. माझी मुलं-नातवंडं तिकडं आहेत, मी आता यायचा नाही. माझ्या वाट्यात कूड घालू नकोस, खाऊ दे वाळूला. आजपासून तू मोकळी."

मिळालं उत्तर. एकदा कळलं की जीव निवेल, असं तिला वाटलं होतं. कुठलं काय! रडावं की याला दोन ठेवून द्याव्यात, तेच समजेना.

ती वाकली. कलंडलेली एक जुडी उचलून तिनं पुन्हा वाळूत रोवली नि टाचेनं दाबली.

"अगं, नको म्हटलं ना?"

"साठी उलटली तुझी, तरी उत्तर दिशा कुठं ते कळत नाही," ती म्हणाली. "तुझा वाटा वाऱ्याच्या तोंडावर आहे, खिनेस. इथला कूड गेला तर दोन वर्षांत माझी रताळी वाळूखाली. तू जा खुशाल. वारा तुझ्याच बाजूनं यायचा."