माझा रिपोर्ट निगेटिव्ह होता

दुबईच्या सरकारनं मला येऊ दिलं होतं. विमानवाल्यांनी दिलं होतं, विमावाल्यानं दिलं होतं. अडवलं ते माझ्याच माणसांनी. हसावं का रडावं, तुम्हीच सांगा.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण आमची उन्नती दुबईला, आणि तिथली डॉक्टरीण बोलली, आता विमानात बसायचं न्हाय. जावई मनोज गोदामात शिफ्ट ड्युटीला. पोरीचं तिथं दुसरं कोण? म्हणून ठरलं, आम्ही नवरा-बायकोनंच जायचं. ओमायक्रॉनचे दिवस होते. निघायच्या दोन दिवस आधीची टेस्ट निगेटिव्ह पाहिजे आणि तिकडं आजारी पडलो तर म्हणून विमा पाहिजे.

विमावाला पोरगा आमच्या गावात, अंजूरला, घरी आला. यांना विचारतो, "काका, शुगर, बीपी काय?"

"मला काय धाड भरलीय?" हे गुरकावले. रोज सकाळी गोळी गिळतात, ती काय शेंगदाणा म्हणून? शेवटी मीच गोळ्यांची पट्टी आणून त्या पोराच्या हातात दिली. पोरगा शहाणा होता. जाताना बोलला, "काकी, दोघांचे विमे वेगळे हायत. एकाचं राहिलं तरी दुसरा जाऊ शकतो."

उन्नती रोज फोनवर सांगायची, "आई, टेस्टपर्यंत कुणात मिसळू नका." आणि नेमकी समोरच्या अंगणात चुलत दिराच्या भाविकची हळद. आमच्याकडे एक वेळ लग्न चुकवाल, पण हळद न्हाय. मटण, डीजे, उजाडेपर्यंत नाच. मी यांना बोलले, "चला, तोवर कोन गावाला माझ्या भावाकडे राहू."

"भाविकच्या हळदीला न्हाय गेलो तर उद्या आपल्या दारात कोण येईल?"

"आपल्या दारात आता काय व्हायचं हाय? एकुलती एक पोर, तिची हळद होऊन गेली."

"तुम्हां बायकांना भावकी कळत न्हाय."

मग मी एकटीच बॅग उचलून कोनला गेले. भावाच्या, पंढरीच्या माडीवर राहिले. वहिनी ताट दाराशी ठेवून जायची. बोलायला माणूस न्हाय, पण नातवंडासाठी म्हणून सोसलं. इकडं आमचे हे हळदीत. कुणीतरी व्हिडिओ टाकला, तो मी बघितला. मास्क हनुवटीला, नवरदेव खांद्यावर, आणि एका ग्लासातून चौघं पितायत. वा रे भावकी!

टेस्टला भिवंडीच्या लॅबमध्ये आम्ही वेगवेगळे गेलो. रिपोर्ट पंढरीच्या आणि यांच्या मोबाईलवर आले. माझा निगेटिव्ह. यांचा पॉझिटिव्ह. खरं सांगते, मला आधी माझ्या रिपोर्टचाच आनंद झाला. देवा, माझी वाट मोकळी हाय, एवढंच मनात आलं.

उन्नतीला फोन लावणार, तोच यांचा आला. "कमळे, घरी ये."

"घरी कशी येऊ? उद्या विमान हाय."

"मी हितं आजारी, आणि तू दुबई बघायला जाणार?"

दुबई बघायला! पोर तिकडं दिवस भरून बसलीय आणि मी दुबई बघायला! ताप न्हाय, दम न्हाय, नुसतं नाक गळत होतं. यांची बहीण आक्का शेजारीच राहते. तिनं फोन घेतला. "बायो, महादूला ताट मी देईन गं. पण त्याला असा टाकून गेलीस तर गाव काय म्हणेल?"

मी पंढरीकडं बघितलं. पाठचा भाऊ, म्हटलं हा तरी बोलेल. तो खाली मान घालून म्हणतो, "ताई, दाजी आजारी असताना मी तुला विमानात बसवली, तर तुझी भावकी माझ्या नावानं शिमगा करेल." आणि गाडी काढली ती अंजूरला जायला. तुम्ही म्हणाल, बाई, उतरून रिक्षा करायची ना. कुठं जाऊ? माझा पासपोर्ट यांच्या कपाटात आणि कपाटाची चावी यांच्या करगोट्याला.

घरात पाय टाकला तर यांनी आधी चहा मागितला. चहा पिऊन म्हणतात, "उन्नतीला सांग, तुझा पण पॉझिटिव्ह आला."

"का म्हणून?"

"आईला का न्हाय पाठवली, विचारेल ती. जावयाकडं माझी काय इज्जत राहील?"

मी सांगितलं. हो, सांगितलं, याच तोंडानं. पोर घळाघळा रडायला लागली. "आई, श्वास बरोबर लागतो ना गं? वाफ घेतेस ना?" मी धडधाकट, आणि माझी अवघडलेली पोर माझ्यासाठी रडते. त्या वेळी धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

मुलगी झाली. मनोजला जेमतेम सुट्टी मिळाली, मग पुन्हा ड्युटी. ओल्या बाळंतिणीला पेज कुणी दिली, तर शेजारच्या केरळच्या बाईनं. परक्या बाईनं! माझ्या बॅगेत डिंक, मेथी, अळीव तसेच.

बारशाच्या दिवशी इकडं हे ठणठणीत. भावकीत पेढे वाटतायत आणि सांगतायत, "आम्ही निघालोच होतो हो, पण हिचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. हिला टाकून मी कसा जाणार?" कुणाला काय झालं होतं, ते सगळ्यांना ठाऊक. पण पेढा तोंडात असला की कोण बोलतो? आक्कानं तर दोन घेतले.

तेवढ्यात उन्नतीचा व्हिडिओ कॉल आला. खांद्यावर बाळ, डोळे खोल गेलेले. यांच्याशी बोलली, मग मोबाईल माझ्या हातात आला. हळूच म्हणते, "आई, राग नको मानूस. पण थोडे दिवस सांभाळून राहायचं होतंस गं. बाबांचं सोड, ते ऐकणारे न्हायत. पण तू तरी... मी इथं खूप एकटी पडले."

खरं जिभेवर आलं होतं. पण बाळंतिणीला रडवलं तर दूध आटतं, असं माझी आई सांगायची. आणि खरं कळलं तर ही पोर जन्मात बापाचं तोंड बघणार न्हाय.

"चुकलं गं बाय माझं," मी म्हटलं.

"जाऊ दे उन्नती," हे मागून मान पुढं काढून म्हणाले, "आईला नको बोलूस. होते माणसाकडून चूक."