सातव्या बिंदूपासून निघालेली रेघ

मी सरांच्या खोलीतला फळा बोलतोय. आधीच सांगतो, माझा स्वभाव संशयी आहे. ज्याच्या अंगावरचं रोज कुणीतरी पुसून जातं, त्याने विश्वास ठेवायचा तरी कुणावर?

सर या गणित विभागात नवखे अधिव्याख्याते म्हणून आले, तेव्हा मीही नुकताच भिंतीवर चढलो होतो. त्यांचा विषय म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेघांची जाळी. रेघेने जोडलेल्या दोन बिंदूंना एकच रंग द्यायचा नाही, एवढाच नियम. एका ठरावीक जातीचं जाळं कितीही मोठं असो, त्याला चार रंग पुरतात, हे सरांनी माझ्यावरच सिद्ध केलं. त्या प्रमेयाला त्यांचं नाव मिळालं. त्याच्या जोरावर ते प्राध्यापक झाले, पुढे विभागप्रमुख झाले. मीही उगाच भाव खायला लागलो.

शेजारच्या खोलीतले प्राध्यापक खडू मागायला यायचे, पण नजर माझ्यावर. "सहज आलो होतो," म्हणायचे. सहज म्हणे! सफाईच्या मावशींचं फडकं दिसलं की मला धडकीच भरायची. पण सगळ्यात जास्त नजर मी ठेवली ती सरांच्या शेवटच्या विद्यार्थिनीवर. सर जेवायला गेले की ही एकटी इथेच. ही सरांचं काहीतरी ढापणार, याची मला खात्री होती.

सरांची शिस्त अशी, की आधी फळ्यावर पटायला हवं, मगच वहीत उतरवायचं. त्याप्रमाणे एका दुपारी तिने प्रमेयातल्याच जातीचं तेवीस बिंदूंचं जाळं काढलं. रंगीत खडू घेऊन तासभर झगडली. चार रंग काही पुरेनात! सरांना शोधायला ती धावत गेली.

सर नेमके दुसऱ्या जिन्याने वर आले. माझ्यासमोर उभे राहून पुटपुटत मोजत राहिले. खुर्चीत बसले, पुन्हा उठले. दार लोटलं आणि डस्टरच्या कोपऱ्याने सातव्या बिंदूपासून निघालेली एक रेघ पुसली. एकच.

ती धापा टाकत परत आली. "सर, बघा ना, पाचवा रंग लागतोच!"

"माझ्यासमोर रंगव बघू."

तिने रंगवलं. चार रंगांत झालं.

"असं कसं? मघाशी तर..."

"होतं गं असं, बाळ. घाईत एखादी रेघ जास्तीची धरली जाते."

ती कसंनुसं हसली. "माझंच चुकलं, सर." महिन्याभरात तिने संशोधन सोडलं.

साऱ्या जगावर संशय घेतला मी, फक्त सरांवर नाही. याची मला फार लाज वाटते.

सर मानाने निवृत्त झाले. मला उतरवून व्हरांड्यात टेकवलंय. उद्या रंगारी माझ्यावर नवा काळा रंग चढवणार आहे. त्या दुपारी तिने खडू इतका दाबून ओढला होता, की त्या रेघेचा ओरखडा अजून माझ्या अंगावर आहे. आज उजेड आहे तोवर कुणीतरी जरा तिरकं उभं राहून बघा. आणि ती कुठे भेटली, तर तिला एवढंच सांगा, की मुली, तुझं चुकलं नव्हतं.