चार बोटांवरचा शाप

माझ्या अंगणात पार खालच्या पायरीपर्यंत माणसं उभी होती आणि सगळ्यांच्या माना एकाच खांबाकडे वळल्या होत्या. पडवीच्या खांबातून धूर निघत होता. भर दुपार, जवळपास ना शेगडी, ना काडेपेटी, ना कोणाच्या हातात सिगारेट. तरी खांबावर काळा डाग उमटत होता, मांजराच्या पंजाएवढा. आणि नेमकी तेव्हाच आमची बोतान, तिरंगी मांजर, खांबामागून आळस देत बाहेर आली.

"निघाली! बघा, निघाली!" शापबाधा उतरवणारे शिरानामी गुरुजी किंचाळले. पांढरा झगा सावरत ते चार पावलं मागे सरले. "हिच्या अंगात दोनशे वर्षांपूर्वी जळून मेलेलं मांजर आहे. पंजा टेकेल तिथे आग! आज खांब, उद्या छप्पर, परवा अख्खी टेकडी!"

गुरुजींना टेकडीवरच्या दोनशे वर्षांपूर्वीच्या मांजराचंसुद्धा चरित्र पाठ होतं. ते स्वतः इथे राहायला येऊन जेमतेम वर्ष झालं होतं, ही गोष्ट वेगळी.

मोहल्ल्याचे प्रमुख निशिवाकी-सान माझ्याकडे वळले. बंदराजवळ त्यांचं माशाच्या वड्यांचं दुकान आहे, माणूस तसा वाईट नाही. "हिसानो-सान, आता तरी ऐका. ओकुदाइरा-सानच्या घरचं कागदी दार अर्धं जळालं. आत त्यांचा अंथरुणाला खिळलेला नवरा होता."

"मांजरं दार जाळत नाहीत, निशिवाकी-सान."

"मग कोण जाळतं? मी?" ओकुदाइरा-सान फणकारली. "तू त्यांना खाऊ घालतेस, म्हणून ती इथे आहेत. रात्री मला झोप नाही, आणि तुझी आपली मांजर मांजर!"

गुरुजींनी हात वर करून वाद मिटवला. रविवारी माझ्याच अंगणात शांतिविधी ठरला. तोवर सगळी मांजरं पिंजऱ्यात घालायची आणि विधी झाला की सरकारी कोंडवाड्याची गाडी बोलवायची. कोंडवाड्यात गेलेलं म्हातारं मांजर परत येत नाही, हे तिथे उभ्या प्रत्येकाला माहीत होतं.

ही मांजरं कोणाची नाहीत. बंदरावर जन्मतात, टेकडी चढून माझ्या पडवीखाली येतात. मी एकेक धरून डॉक्टरकडे नेली, त्यांना पुन्हा पिल्लं होऊ नयेत म्हणून ऑपरेशन करून आणलं. कानाचं टोक कापलेलं आहे ते त्याचीच खूण. घर माझ्या सासऱ्यांनी बांधलेलं. कौलं मी बदलते, वाळवी मी बघते, लाकूड कुजू नये म्हणून दर हिवाळ्यात त्याला काकी नावाच्या फळाचा आंबवलेला रस मी फासते, म्हणून लाकूड काळंभोर झालंय. माणसांपेक्षा हे घर आणि ही मांजरं, ह्यांनीच मला जास्त सोबत केली, आणि हे मी लपवत नाही.

आता आमच्या गावची एक खोड सांगते. मांजरांनी भिंतीशी घाण करू नये म्हणून इथे घरोघरी पाण्याने भरलेल्या बाटल्या मांडून ठेवतात. पाणी चमकलं की मांजर घाबरतं म्हणे! आमची मांजरं त्या बाटल्यांना पाठ घासतात. पण रीत ती रीत. शिरानामी गुरुजींनी ही रीत बरोबर हेरली. "साध्या बाटलीने काय होणार? ह्या घ्या," म्हणून त्यांनी गोल पोटाच्या, पाणी भरलेल्या काचेच्या बाटल्या विकायला काढल्या, गळ्यात मंतरलेला कागद बांधून. दक्षिणेला ठेवायच्या, उघड्यावर, लाकडापासून बरोब्बर चार बोटं. माझ्या पडवीत तर मोहल्ल्यानेच आणून मांडल्या, मला न विचारता. मग डाग पडायला लागले. डाग वाढले तशा लोकांनी बाटल्या वाढवल्या. बाटल्या वाढल्या तसे डाग वाढले. आणि कोणाच्या डोक्यात काही येईना. माझ्याही नाही, खोटं कशाला बोलू!

शुक्रवारी पिंजरे आले. बोतान आत शिरायला तयार नव्हती. निशिवाकी-साननी तिला मानेला धरून कोंबलं आणि तिने एकदाच माझ्याकडे बघून हाक मारली. मी काही करू शकले नाही. हात रिकामे ठेवले तर कोणाचा तरी गळा धरीन असं वाटलं, म्हणून रसाचं भांडं घेऊन लाकूड रंगवायला बसले.

आणि मनगटाला चटका बसला. सुई तापवून टोचावी तसा. बघते तर कातडीवर तांदळाच्या दाण्याएवढा प्रकाशाचा ठिपका. हात हलवला, ठिपका लाकडावर गेला. बाटलीपुढे तळहात धरला, ठिपका गेला. काढला, परत आला. मिनिटभरात ओल्या रसातून वाफ निघाली.

अगं बाई! उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो, छपराची पुढे आलेली वळचण त्याला आत येऊ देत नाही. आत्ता हिवाळ्यात तो खाली उतरतो, थेट पडवीत शिरतो. मध्ये पाण्याने भरलेली गोल काच. शाळेत भिंग धरून आपण कागद जाळतो, तेच भिंग आम्ही घराघरांपुढे मांडून ठेवलं होतं.

तशीच उठले आणि गुरुजी स्वतःच्या बाटल्या कशा ठेवतात ते बघायला त्यांच्या घराच्या मागच्या बोळात गेले. त्यांच्याही दक्षिणेच्या खिडकीत बाटल्यांची रांग होती, विकायला ठेवलेली. प्रत्येक बाटलीवर जाड फडकं होतं, एकूण एक बाटलीवर.

तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे ह्याला ठाऊक होतं! लोकांच्या दारात भिंगं, स्वतःच्या दारात फडकी. तो लुळा म्हातारा झोपेत जळून मेला असता तरी ह्याने मांजरावर ढकललं असतं. त्याच संध्याकाळी घरोघर जाऊन सांगावं असं आधी वाटलं. पण नुसतं सांगून माझं समाधान होणार नव्हतं. मी एवढंच केलं, ओकुदाइरा-सानच्या दारातल्या बाटल्या गुपचूप आडोशाला सरकवल्या. बाकीचं रविवारवर सोडलं.

रविवारी लख्ख ऊन पडलं. अंगणात वेदी, वेदीवर काळ्या शाईने रंगवलेला हातभर लांब मंत्राचा कागद, शेजारी पिंजरे. गुरुजी हातातल्या घंटेला दम खाऊ देत नव्हते.

मी पडवीतली एक बाटली उचलून पुढे गेले आणि कमरेत वाकून म्हटलं, "गुरुजी, माझं चुकलं. एवढं पवित्र पाणी, ते वेदीवरच हवं." आणि कागदापासून बरोब्बर चार बोटांवर ती ठेवली.

घंटा थांबली. "इथे... इथे नको. दिशा चुकते."

"दक्षिणच आहे की! तुम्हीच सांगितलंत."

त्यांनी झग्याची बाही बाटलीवर धरली. मी विचारलं, "पाण्याला पडदा कशाला, गुरुजी?"

"तेज... तेज सांडतं."

"सांडू द्या ना," ओकुदाइरा-सान मागून म्हणाली. "माझ्या दारात तर उघडीच ठेवायला लावलीत."

निशिवाकी-सान पुढे आले. "गुरुजी, हात काढा बघू."

काढावा लागला. गुरुजींची नजर त्या ठिपक्यावर खिळली, मंत्र म्हणताना बोबडी वळली, आणि बाटली हिसकायला ते झेपावले तोवर काळ्या अक्षरांतून धूर उठला. कागदाने पेट घेतला आणि त्यांच्या बाहीनेही. "पाणी! पाणी!" महाराज नाचायला लागले. मी तीच बाटली उचलली आणि त्यांच्या डोक्यापासून खाली रिकामी केली. बाही विझली. पाण्याचा उपयोग झालेला मी तेव्हा पहिल्यांदा बघितला.

"मांजरं तर पिंजऱ्यात आहेत," मी सगळ्यांना म्हटलं. "मग आत्ता पंजा कोणी टेकला?"

मग मी दुसरी बाटली उन्हात धरली आणि एकेकाच्या तळहातावर तो ठिपका पाडून दाखवला. चटका बसल्याशिवाय कोणालाही सोडलं नाही, निशिवाकी-सानना तर जरा जास्तच वेळ धरलं. बोळातल्या खिडकीतली फडकी बघायलाही सगळ्यांना नेलं. परत आल्यावर ओकुदाइरा-सान गुरुजींना जे बोलली ते मी इथे लिहीत नाही, पण ऐकायला फार बरं वाटलं. भिजलेला झगा आवळत ते निशिवाकी-साननी बोलावलेल्या अग्निशमन दलाच्या माणसांसमोर मान खाली घालून बसले होते.

निशिवाकी-सान माझ्यापुढे वाकले. "हिसानो-सान, माफ करा."

"माझी कशाला? मांजरांना तुम्ही कोंडलंत, तुम्हीच उघडा."

त्यांनी एकेक कडी काढली. बोतानने त्यांच्या मनगटावर चांगले तीन ओरखडे ओढले आणि पडवीखाली पसार झाली. मी हसले, मुद्दाम त्यांना दिसेल असं.

लोक म्हणतात, आता झालं गेलं विसरा. मी विसरणार नाही, आणि तुम्हीही विसरू नका. दारात डाग पडला तेव्हा आम्ही शाप विचारला, ऊन कुठून येतंय ते विचारलं नाही. तेवढं एक विचारलं असतं, बाटलीपुढे एकदा हात धरून बघितला असता, तर एका म्हाताऱ्याचं अंथरूण पेटायची वेळ आली नसती. कोणी चमत्कार दाखवला की हात जोडायच्या आधी तो हात पुढे करा आणि बघा, मध्ये काय आहे.