उमाकांतमामासारखा हत्ती

त्या रविवारी बाबा तीन वेळा रस्ता चुकले आणि आम्ही चार वेळा जेवलो. चौथं जेवण खरं तर जादा होतं, पण आईच्या गुळाच्या पोळ्या परत मानसरोवरच्या घरी न्यायच्या नाहीत असं विभाताईंनी ठरवून टाकलं होतं.

चुकण्याचा आणि जेवण्याचा संबंध सांगायला हवा. माझे वडील मूळ मिरजेचे, विमा कंपनीत अधिकारी. पंचवीस वर्षांपूर्वी बदली होऊन जयपुरात आले आणि परतीचा रस्ता न सापडल्यासारखे इथेच राहिले. निवृत्तीनंतर दर महिन्याच्या एका रविवारी ते इथल्या मराठी मंडळातल्या लोकांना शहराबाहेर पायी फिरायला नेत. आधी सगळ्यांना एक झेरॉक्स कागद मिळे: ‘सोपी सफर. अंतर: बेताचं. चढ: नाही म्हटलं तरी चालेल. नदी: आहे (पाण्याची खात्री नाही). आणायचं सामान: पाणी, डबा, उत्साह.’

त्यांना दिशांचं ज्ञान अजिबात नव्हतं. जयपुरातल्या आमच्या मानसरोवर वसाहतीतही सेक्टर बदलला की ते भाजीवाल्याला आमच्याच घराचा पत्ता विचारत, आणि तोही अशा रुबाबात की भाजीवाल्याला वाटावं आपली परीक्षा चालली आहे. म्हणून आमच्या घरात एक रीत पडली होती. बाबा चुकले की त्यांना सांगायचं नाही. आईने म्हणायचं, ‘जरा बसू या का? भूक लागली.’ मग डबे उघडायचे. तेवढ्यात कुणीतरी लघुशंकेच्या निमित्ताने जाऊन एखाद्या गुराख्याला रस्ता विचारून यायचं आणि हात धुऊन झाले की ‘इकडून सावली आहे’ असं म्हणत सगळ्यांनी बरोबर बाजूला वळायचं. बाबा पुन्हा पुढे होत. विभाताई आईच्या मैत्रीण आणि या सफरींच्या सगळ्यात जुन्या सभासद. सहा वर्षं नियमित चालून आपलं सात किलो वजन वाढलं, असं त्या अभिमानाने सांगत.

स्वप्नाली पुण्याहून नोकरीसाठी नवीनच आली होती. तिला ही रीत माहीत नव्हती. पहिल्याच सफरीत तिने किल्ल्यांच्या जुडग्यातलं छोटं होकायंत्र काढून उत्तर दुसरीकडे आहे असं बाबांना सांगितलं. विभाताईंनी तिच्या तोंडात अख्खा लाडू कोंबला. बाबांनी होकायंत्र हातात घेऊन सावकाश पाहिलं आणि हे पुण्याकडे घेतलेलं दिसतंय, असं म्हणून परत दिलं.

तो रविवार फेब्रुवारीच्या सुरुवातीचा होता. चौमूं गावाच्या पुढे, एका कोरड्या नदीच्या काठी. दर फेब्रुवारीत मोहरी फुलली की बाबा आम्हाला तिथेच नेत, आणि कारण हत्ती.

बदली झाली त्या पहिल्याच वर्षी एका मेलेल्या म्हशीच्या दाव्याची चौकशी करायला बाबा त्या बाजूला गेले होते. बसथांब्यावर उतरून पाऊण तास नदीकाठाने चालले. म्हैस सापडली नाही. त्याऐवजी झाडीत एक पडकी छत्री सापडली, कुणा विसरलेल्या ठाकुराच्या समाधीवरची. तिच्या जोत्यावर चारी बाजूंनी हत्ती कोरलेले होते आणि त्यांतला एक हुबेहूब उमाकांतमामासारखा होता. उमाकांतमामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. घरी येऊन बाबांनी हे उत्साहाने सांगितलं आणि आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. माझ्या भावाला हत्ती म्हणता, हे तिचं म्हणणं. मी त्याला हत्ती म्हणत नाही, मी हत्तीला उमाकांत म्हणतोय, हे बाबांचं. तेव्हापासून तो हत्ती आईला दाखवायचाच, असं त्यांनी मनात घेतलं होतं. गेली सहा वर्षं आम्ही तो शोधत होतो. छत्री सोडून त्या परिसरातलं सगळं आम्हाला सापडलं होतं.

सफर नेहमीप्रमाणे कलावतीच्या चहाच्या टपरीपासून सुरू व्हायची. बस तिथेच थांबते. त्या दिवशी चहा झाला, मी रिकामा पेला ठेवायला टपरीमागे गेले. तिथे वर्षानुवर्षं विलायती बाभळीचं रान होतं. ते कुणीतरी नुकतंच सरपणासाठी तोडलं होतं. गोवऱ्यांच्या ढिगापलीकडे, साठेक पावलांवर, एक काळपट घुमट उभा होता. खाली जोतं. जोत्यावर हत्तींची रांग.

मी वळले. बाबा काठी उंच धरून नदीकडे निघाले होते. नेमके उलट्या बाजूला. मागे आई, विभाताई, स्वप्नाली. त्यांच्या चालण्यात त्या दिवशी इतकी खात्री होती की माझं तोंड उघडेना. घरची रीतही होतीच. मला पुस्तकं वाचायची सवय आहे आणि महत्त्वाचं बोलणं पुस्तकातल्या माणसांवर सोपवायचीही. मी मनात ठरवलं, पुढच्या वेळी चहा पिताना त्यांना इकडे तोंड करून बसवू. म्हणजे छत्री त्यांना आपोआप सापडेल. त्यांनीच शोधलेली. योजना चांगली होती.

संध्याकाळी बसमध्ये बाबा म्हणाले, ‘अनू, अगदी जवळ पोचलो होतो आज.’ मी हो म्हटलं.

बुधवारी दुपारी ते गेले. बुटांना पॉलिश करत बसले होते. एकाचं झालं होतं.

मिरजेहून उमाकांतमामा आला. मी त्याला आठ वर्षांनी पाहत होते. मोठे, जरा पुढे कललेले कान, बारीक डोळे आणि जेवायला उशीर होणार असं नुकतंच कळल्यासारखा खालचा ओठ. हत्तीची गोष्ट त्याला पंचवीस वर्षांत कुणी सांगितली नव्हती आणि आमच्या ओळखीच्या प्रत्येकाला ती पाठ होती. तेराव्याला विभाताई वाढायला आल्या, मामाकडे एकदा बघितलं, पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि स्वयंपाकघरात पळाल्या. त्यांचे खांदे गदगदत होते. मामा जेवण टाकून त्यांच्या मागे गेला आणि मरण कुणाला चुकलंय असं बराच वेळ समजावत राहिला. त्याने त्यांचे खांदे जास्तच गदगदायला लागले.

त्या संध्याकाळी मी आईला छत्रीबद्दल सांगितलं. ती भांडी पुसत होती.

‘केव्हा दिसली?’

‘त्या रविवारी. चहाच्या वेळी.’

आईने हातातलं पातेलं पुसलं, ठेवलं, पुन्हा उचलून पुन्हा पुसलं. मी बाबांना का सांगितलं नाही हे तिने विचारलं नाही. रीत तिनेच घातलेली होती.

‘या रविवारी जाऊ,’ ती म्हणाली. ‘दादालाही नेऊ.’

‘मामाला काय सांगायचं?’

‘काही सांगायचं नाही. पोळ्या किती करू ते सांग.’

मामाला सांगितलं, बाबांची आवडती जागा बघायला जायचंय. त्याने गंभीरपणे इस्त्रीचा सदरा घातला. स्वप्नालीने होकायंत्र घरी ठेवलं. मोहरीचा पिवळा रंग तोवर उतरला होता.

टपरीवर कलावतीने विचारलं, ‘बाबूजी नहीं आए?’ मी सांगितलं. तिने किटली खाली ठेवली आणि डोक्यावरची ओढणी पुढे ओढली. मग तिने जे सांगितलं ते मला दोनदा विचारावं लागलं. पूर्वी बसथांबा इथे नव्हता. नदीच्या पलीकडे, जुन्या विहिरीपाशी होता. पक्की सडक झाली तेव्हा तो इकडे आला, त्याला आता अठरा-एकोणीस वर्षं झाली. बाबूजी दरवर्षी इतकी माणसं घेऊन तिकडे जातात म्हणजे आमच्या लोकांची त्या जुन्या बसथांब्यावर काही श्रद्धा असणार, अशी तिची समजूत होती. सगळ्या गावाची होती. मराठी लोक तिथे जाऊन प्रसाद खातात, हेही गावाने पाहिलं होतं.

म्हणजे बाबांचा पाऊण तास बरोबर होता. नदीकाठही बरोबर होता. त्या थांब्यावरून पाऊण तास चाललं की माणूस नेमका इथे, चहाच्या टपरीवर पोचतो. आयुष्यात एकदा त्यांना रस्ता पक्का लक्षात राहिला आणि नेमका तेव्हा थांबा हलला.

छत्री साठ पावलांवर होती. मामा तीसवर एकदा थांबला. जोत्यावरच्या हत्तींवरून आई एका बाजूने हात फिरवत निघाली, जणू काही पंगतीत किती पानं मांडली ते बघतेय. चेहरे झिजलेले होते. काहींच्या सोंडा गेलेल्या. दुसऱ्या बाजूला वळल्यावर ती एका हत्तीपाशी थांबली. आम्हीही थांबलो.

कान पुढे कललेले. डोळे बारीक. खालचा ओठ थोडा बाहेर.

कुणी मामाकडे पाहिलं नाही. विभाताई आकाशात पोपट शोधायला लागल्या. स्वप्नालीने चपलेचा पट्टा सोडून पुन्हा लावला. मामा घाम पुसत जवळ आला, हत्तीसमोर उभा राहिला. दोघांनी एकमेकांकडे बराच वेळ पाहिलं.

‘सरू,’ मामा म्हणाला, ‘हे आपले आप्पा.’

आईने वाकून पाहिलं. आप्पा म्हणजे त्यांचे वडील, माझे आजोबा. मी त्यांना फक्त फोटोत पाहिलंय, फेटा बांधलेले. कान फेट्यात गेलेले.

‘अगदी आप्पा,’ मामा म्हणाला. ‘भाऊजींना कसे सापडले गं?’

‘म्हैस शोधताना,’ आई म्हणाली.

मग ती हसायला लागली. अठरा दिवसांत पहिल्यांदा. जोत्याला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि मग ते पाणी येतच राहिलं. विभाताईंनी इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं एकदम सोडून दिलं. मामाला काही कळलं नाही, पण तो हत्तीच्या कानावरची धूळ रुमालाने पुसत होता. स्वप्नालीने, दुसरं काही न सुचून, डबा उघडला.

मी टपरीपाशी परत आले. समोर पायवाट नदीत उतरत होती. पलीकडच्या काठावर ती धोक नावाच्या इथल्या झाडांच्या गर्दीत शिरते आणि दिसेनाशी होते. त्या रविवारी बाबा तिथपर्यंत गेलेले मला दिसले होते, काठी उंच धरून, मागे वळून न बघता.

कलावतीने पेला पुढे केला होता. मी तो घेतला नाही. इतक्या लांब ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं,

‘बाबा, थांबा. मागे बघा.’