सुनंदाताईंना ठाऊक नसलेलं हॉटेल

सरकारी शाळेतून हेडमास्तर म्हणून रिटायर झालेले श्रीपाद बक्षी म्हणजे अतिशय व्यवस्थित माणूस. उज्जैनमध्ये नानाखेड्याच्या कॉलनीत सगळे त्यांचं उदाहरण देत. गॅसचं बुकिंग, दवाखान्याची अपॉइंटमेंट, रेल्वेचं रिझर्वेशन, सगळं त्यांच्या मोबाइलवर. त्यांच्या पत्नीला, सुनंदाताईंना, कुणी काही विचारलं तर त्या हसून म्हणत, "ह्यांनाच विचारा, मला त्यातलं काही कळत नाही." असं म्हणताना त्यांना कमीपणा वाटत नसे. उलट आपल्यामागे कसली झंझट नाही, याचा थोडा अभिमानच वाटे. आपल्या ओळखीच्या किती घरांत हे वाक्य रोज ऐकू येतं!

पुण्यातल्या मुलानं, सौमित्रनं, दोघांसाठी व्हिएतनामची सहल ठरवून दिली. तिकिटं, हॉटेल, फिरायच्या जागा, सगळा कागद त्यानं वडिलांच्या फोनवर पाठवला. हनोईच्या विमानतळावर श्रीपादरावांनी एकच सिमकार्ड घेतलं. माझ्याही फोनमध्ये टाकून घ्या ना, असं सुनंदाताईंनी एकदा सुचवलं. आपण काय वेगवेगळे फिरणार आहोत, हॉटेलात वाय-फाय आहे तेवढं पुरे, असं ते म्हणाले. सुनंदाताईंनाही ते पटलं.

तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, म्युझियम पाहून दोघं बाहेर पडले. रस्त्यावरच एक टॅक्सी मिळाली. श्रीपादरावांनी ड्रायव्हरला आपल्या फोनवरच्या नकाशात तलावाजवळचा एक चौक दाखवला. तिथून चालत जेवायला जायचं होतं. वाटेत सुनंदाताईंचं डोकं फार दुखू लागलं. रस्त्यापलीकडे औषधांचं दुकान दिसलं. "तू बस, मी दोन मिनिटांत आलो," असं म्हणून ते टॅक्सी थांबवून उतरले.

तेवढ्यात मागून पोलिसानं शिटी वाजवली आणि ड्रायव्हरला गाडी पुढे काढावी लागली.

सुनंदाताई ओरडल्या, पण त्याला कळेना. रस्ता एकेरी होता. गाडी एक वळण घेऊन दुसऱ्या रस्त्याला लागली. सगळीकडून स्कूटरींचा लोंढा. गोल फिरून ती परत तिथं आली, तेव्हा रस्त्यावर लोखंडी कठडे लागले होते. शुक्रवारी संध्याकाळपासून तलावाभोवतीचे रस्ते गाड्यांना बंद होतात, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? त्यांनी दाराचा खटका ओढला. दार उघडेना. पुन्हा ओढला. चालत्या गाडीची दारं आपोआप बंद राहतात, हेही त्यांना माहीत नव्हतं. हा मला पळवून नेतोय, या एकाच विचारानं त्या खटका ओढतच राहिल्या.

ड्रायव्हरनं आरशातून त्यांचा चेहरा पाहिला असावा. त्यानं एका गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवली, आपल्या फोनवर काहीतरी बोलला आणि फोन मागे धरला. फोनमधून चक्क हिंदी आवाज आला, "मैडम, घबराइए मत। आपको किस होटल में जाना है?"

परक्या मुलुखात आपली भाषा कानावर पडली, म्हणून सुनंदाताईंना क्षणभर धीर आला. पण सांगणार काय? हॉटेलचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. गल्ली माहीत नव्हती. "तालाब के पास," त्या म्हणाल्या. फोननं ते भाषांतर ऐकवलं. ड्रायव्हरनं मान हलवली आणि फोन पुन्हा हिंदीत बोलला, "यहाँ बहुत सारे तालाब हैं।"

काच वर, दार बंद, बाहेर अनोळखी पाट्या. पण सुनंदाताईंना कळून चुकलं की आपण या गाडीत अडकलेलो नाही. दार आत्ता उघडलं तरी आपल्याला जाता येईल अशी एकही जागा या शहरात नाही. त्या पदराला डोळे पुसत राहिल्या. हातातल्या फोनवर साडेसात झाल्याचं दिसत होतं. त्याहून अधिक तो काही सांगू शकत नव्हता.

तिकडे श्रीपादराव डोकेदुखीच्या गोळ्या हातात घेऊन फुटपाथवर उभे होते. त्यांच्या फोनमध्ये इंटरनेट होतं, नकाशा होता, सौमित्रचा सगळा कागद होता. पण टॅक्सीचा नंबर त्यांनी पाहिला नव्हता आणि बायकोचा फोन लागत नव्हता. त्यांनी तो वीस वेळा लावून पाहिला.

सुनंदाताईंनी शेवटी आपला फोन ड्रायव्हरपुढे धरला आणि "नेट नाही, नेट नाही" असं मराठीतच म्हणत राहिल्या. ते मात्र त्याला भाषांतराशिवाय कळलं. त्यानं आपलं नेट त्यांच्या फोनला जोडून दिलं. त्यांनी व्हॉट्सअॅपवरून नवऱ्याला फोन लावला. ते सौमित्रशी बोलत होते, फोन लागला नाही. मग त्यांनी उज्जैनला अक्कांना लावला.

अक्का म्हणजे श्रीपादरावांची थोरली बहीण. फ्रीगंजला राहत, पोस्टात तीस वर्षं नोकरी केलेली बाई. सगळं ऐकून त्या शांतपणे म्हणाल्या की घाबरू नकोस, हॉटेलचा पत्ता माझ्याकडे आहे. श्रीपादनं निघताना सगळा कागद मला पाठवलाय. लगेच त्यांनी तो पुढे पाठवला. ड्रायव्हरनं पत्ता वाचला आणि वीस मिनिटांत हॉटेलच्या दाराशी गाडी उभी केली. अक्कांनी कळवल्यामुळे श्रीपादरावही धापा टाकत पोहोचले होते. त्यांनी सुनंदाताईंचा हात धरला. दुसऱ्या हातात अजून डोकेदुखीच्या गोळ्या होत्या.

त्या रात्री सुनंदाताई एवढंच म्हणाल्या, "अक्कांना कागद पाठवला. मला नाही."

उज्जैनला परतल्यावर दोघं फ्रीगंजला गेले, तेव्हा अक्कांनी विषय काढलाच. श्रीपादरावांनी समजावलं की तिला त्रास नको म्हणूनच मी सगळं बघतो. तिची काळजीच तर घेत होतो.

"काळजी घेतलीस, खरंय," अक्का म्हणाल्या. "पण श्रीपाद, मी पोस्टात जन्म घालवला. ज्याला स्वतःचा पत्ता सांगता येत नाही, त्याला आम्ही लहान मूल समजायचो. तू हिला साठाव्या वर्षी तसं करून ठेवलंस. परदेश तर सोड, उद्या तू नसलास तर इथं नानाखेड्यात ती काय करणार?"

"अक्का, माझीही चूक आहे," सुनंदाताई म्हणाल्या. "मला ते सोपं पडायचं. मी शिकायला नाही म्हटलं."

दुसऱ्या दिवशी श्रीपादरावांनी पाहिलं, तर सुनंदाताईंच्या आधारला, दवाखान्याच्या फाइलला, सगळीकडे आपलाच मोबाइल नंबर! चाळीस वर्षं ज्यानं मुलांना स्वतःचं नाव लिहायला शिकवलं, त्याच्या घरात बायकोचा नंबर कुठेच नव्हता. पुढचा आठवडाभर दोघं सेवा केंद्रांतल्या रांगांत उभे राहिले. फॉर्म सुनंदाताईंनीच भरले. दोन चुकले, ते त्यांनीच पुन्हा भरले.

हिवाळ्यात श्रीपादरावांच्या जुन्या सहकाऱ्यांची श्रीलंकेला जायची गोष्ट निघाली. टावर चौकातल्या एका हॉटेलात पाच जोडपी जमली. सगळं ठरल्यावर श्रीपादरावांनी बायकांना विचारलं की कोलंबोत आपण कुठं उतरणार आहोत. चौघींनी नवऱ्यांकडे पाहिलं. पुरुष हसले. पण सुनंदाताई हसल्या नाहीत. त्यांनी हनोईच्या त्या टॅक्सीतली संध्याकाळ सांगितली. ऐकता ऐकता हसणं थांबलं, आणि त्या चौघींतल्या मीनाताईंनी नवऱ्यापुढे हात करून म्हटलं, "तो कागद मलाही द्या. आणि सिमकार्ड माझं वेगळं."

मित्रहो, ज्यांना आपण जीव लावतो, त्यांना आपण नसतानाही घरी पोहोचता आलं पाहिजे. तेवढं त्यांच्या हाती देत नसू, तर त्या काळजीचं दार आतून उघडत नाही. आज घरी गेल्यावर ते आतून उघडतं का, पाहा.