टायरसमोर उभे राहू नये

मी स्वभावाने भित्रा आहे आणि त्या भित्रेपणावर मी बरंच नाव कमावलं आहे. आमच्या स्वतंत्र टायर विक्रेत्यांच्या संघटनेचं चार पानी बुलेटिन दर महिन्याला मी काढतो. पहिल्या पानावर अध्यक्षांचा फोटो, दुसऱ्यावर भाववाढ, तिसऱ्यावर कुणी दुकान उघडलं आणि कुणी बंद केलं त्याच्या बातम्या, आणि चौथ्यावर माझं सदर, 'सुरक्षित दुकान'. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये. रबराच्या चुऱ्याजवळ विडी ओढू नये. हवा भरताना टायरसमोर उभे राहू नये. बैठकीत सभासद मला 'सुरक्षावाले' म्हणतात, चहा आधी मला देतात. ट्रकच्या टायरमध्ये मी आयुष्यात एकदाही हवा भरलेली नाही, हे त्यांच्यापैकी कुणालाच ठाऊक नाही.

मूळचा मी छापखान्यात प्रुफं तपासणारा. छापखाना बंद पडला तेव्हा बायको म्हणाली, "बाबांच्या दुकानात बिलं करायला माणूस हवाच आहे." तेव्हापासून मी सासऱ्यांच्या दुकानात काउंटरमागे बसतो. माझ्या आणि टायरच्या मध्ये सदैव ते काउंटर असतं, आणि असावं असंच मला मनापासून वाटतं. माल मागवणं, कंपन्यांशी भांडणं, मापं तोंडपाठ ठेवणं हे सगळं बायको करते. सासरे, ज्यांना मी मामा म्हणतो, ते टायर खोलतात, पंक्चर काढतात, हवा भरतात. म्हणजे दुकानात बिनकामाचा असा मी एकटाच, आणि म्हणूनच लेख लिहायला मोकळा.

तर मामांना ऐकू कमी येतं. हे वाक्य आमच्या घरात मोठ्याने कुणी म्हणत नाही आणि हळू म्हटलेलं त्यांना ऐकू येत नाही. ते स्वतः तर मानायलाच तयार नाहीत. "लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात," असं त्यांचं म्हणणं. समोरच्याचं बोलणं कळलं नाही की ते हसून मान डोलवतात. या मान डोलावण्यापायी एका गिऱ्हाइकाला आम्ही चार नवे टायर विकून बसलो होतो. तो बिचारा फक्त पत्ता विचारायला आला होता.

यात हसण्यासारखं होतं तोवर मीही हसलो. पण ट्रकच्या टायरची एक गोष्ट आहे. हवा कमी असताना ट्रक बराच पळला, की टायरच्या बाजूच्या आतल्या पोलादी तारा मोडतात. बाहेरून टायर ठणठणीत दिसतो. पंक्चर काढून त्यात हवा भरायला घेतली की उरलेल्या तारा एकेक करून तुटतात आणि बारीक तडतड ऐकू येते. त्या आवाजाला जो थांबला तो वाचला. नाही थांबला तर टायरची अख्खी बाजू उसवते आणि समोर जे काही असेल ते भिंतीपर्यंत जातं. परदेशातल्या माहितीपत्रकांतून हे सगळं मीच मराठीत आणलं होतं. आणि आमचे मामा नळी हाताने दाबून धरत, टायरला जवळजवळ छाती लावून हवा भरायचे. "टायर हाताला सांगतो," म्हणायचे. तो आवाज त्यांना येणारच नाही, हे मला कळत होतं. मला झोप लागेनाशी झाली होती.

तोंडावर सांगायचा प्रयत्न मी केला. एकदा त्यांच्यासमोर जाऊन घसा खाकरला. ते म्हणाले, "जावईबापू, पाणी प्या." मी पाणी प्यालो आणि परत आलो.

मग मी माझ्या वकुबाप्रमाणे लेख लिहिला. 'काही ज्येष्ठ दुकानदार अजूनही टायरला बिलगून हवा भरतात,' वगैरे. मामांनी चष्मा लावून तो सबंध वाचला, मांडीवर थाप मारली आणि म्हणाले, "वा! नेमकं लिहिलंत. त्या समोरच्याला दाखवतो." समोरचा म्हणजे रस्त्यापलीकडचा टायरवाला. मामांनी त्याच्या दुकानात जाऊन, त्याच्या गिऱ्हाइकांसमोर, माझा लेख खड्या आवाजात वाचून दाखवला. तेव्हापासून तो माझ्याकडे बघत नाही. पुढच्या अंकात मी खुणा जरा स्पष्ट केल्या: 'वय सत्तरीच्या पुढे, मिशा पांढऱ्या, दुकानाचं शटर हिरवं.' मामा म्हणाले, "त्याचंही शटर हिरवंच आहे हो!" आणि पुन्हा रस्ता ओलांडून गेले.

"तू सासऱ्याला चिठ्ठी लिहितोयस, तीही छापून," बायको म्हणाली. "एक वाक्य बोल की त्यांच्याशी."

"तू बोल ना. तुझे वडील आहेत."

"मी बोलले. त्यांनी मान डोलावली."

यावर उपाय म्हणून मी काय केलं असेल? संघटनेच्या मार्फत लोखंडी पिंजरा मागवला. चाक पिंजऱ्यात ठेवून लांबून हवा भरायची, टायर फुटलाच तरी गज आडवे येतात. पिंजरा आला, मी त्याच्यासोबत फोटो काढून बुलेटिनात छापला. पण पिंजरा रिकामा ठेवणं आमच्या घराण्यात बसत नाही. पहिल्या आठवड्यात त्यात झाडू गेले, मग मोडकी खुर्ची, मग जुन्या ट्यूबा, आणि सगळ्यात शेवटी, सांगायला लाज वाटते, न वाटलेल्या बुलेटिनांचे गठ्ठे. सुरक्षेचा मजकूर सुरक्षित राहिला.

त्या दिवशी दुपारी एका ट्रकवाल्याने चाक लोळवत आणलं. घाईत होता. "हवा कधी उतरली कळलंच नाही," म्हणाला, "बरंच लांब तसाच आलो." मी उघडलेलं बिलबुक परत मिटलं. मी बायकोकडे पाहिलं. ती शिडीवर चढून वरच्या फळीवरचे टायर मोजत होती. मामांनी आतून ठिगळ लावलं, टायर रिमवर चढवला, चाक खांबाला टेकवून उभं केलं आणि नळी दाबून धरली. कॉम्प्रेसर मागच्या खोलीत, त्यामुळे दुकानात फक्त हवेची सुरसुर येत होती.

आणि तिच्यात एक बारीक तड.

मला वाटलं, भास. माझ्यासारख्या माणसाला असे भास रोज होतात. मग दोनदा आलं, तड, तड. ट्रकवाल्याने मोबाइलमधून मान वर केली.

"मामा!" मी ओरडलो. मामा टायरवर तळहात ठेवून समाधानाने बसले होते.

आता मी काय करायला हवं होतं, ते मीच लिहिलेलं आहे. प्रथम हवेची मुख्य तोटी बंद करावी. ती तोटी माझ्या काउंटरशेजारच्या भिंतीवर, हाताला येईल अशी आहे. ती तिथे बसवावी म्हणून मीच आग्रह धरला होता. ते नाही तर मामांच्या मागून जाऊन खांद्याला हात लावता आला असता. हे दोन्ही मला नंतर, अंथरुणात पडल्यावर सुचलं. तेव्हा मी काउंटरला वळसा घातला, धावत गेलो आणि त्या टायरच्या बरोबर समोर उभा राहून दोन्ही हात हलवायला लागलो.

मामांनी वर पाहिलं. त्यांचा चेहरा असा झालेला मी कधी पाहिला नव्हता. नळी टाकून ते उठले, माझी कॉलर धरली आणि मला फरफटत विटांच्या आडभिंतीमागे नेलं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या हातात एवढी ताकद असते, याचा उल्लेख कुठल्याच माहितीपत्रकात नाही.

"मरायचंय का, गाढवा?" ते गरजले. "टायरसमोर उभा राहतोस? लेख कोण लिहितं? तूच ना?"

जावईबापू कुठल्या कुठे गेले होते. ट्रकवालाही धावत आमच्यामागे आला. बायकोने शिडीवरून उडी टाकली, जाता जाता तोटी बंद केली आणि तीही आडभिंतीमागे शिरली. वडिलांचा दंड तिने दोन्ही हातांनी धरला. नळी सुटल्यामुळे टायरमधली हवा पिन काढलेल्या व्हॉल्व्हमधून फुसफुसत बाहेर यायला लागली होती. आम्ही चौघं एकमेकांना चिकटून उभे होतो. मामा अजून मला शिव्या देत होते.

तेवढ्यात आणखी एक तड झाली, आधीच्यांपेक्षा मोठी.

मी, बायको आणि ट्रकवाला, तिघांच्या माना एकदम चाकाकडे वळल्या. मामांची वळली नाही. ते आमच्याकडेच बघत होते. एकेकाच्या तोंडाकडे त्यांनी पाहिलं आणि बोलायचे थांबले.

"आवाज आला?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"तुला पण?"

बायकोने डोळे पुसले आणि मान हलवली.

"मला नाही आला," मामा म्हणाले. त्यांना वाटलं असेल आपण हळू बोललो. पण स्वतःचा आवाज त्यांना ऐकू येत नाही, आणि ते वाक्य रस्त्यापलीकडच्या टायरवाल्यापर्यंत गेलं. तो दारात येऊन बघायला लागला. "मला काहीच नाही आलं गं."

मला रडू आलं. इतके अंक मला हेच त्यांच्याकडून कबूल करून घ्यायचं होतं, आणि आता ते ऐकताना मला इतकं वाईट वाटलं की शक्य असतं तर मी ते वाक्य परत त्यांच्या तोंडात घातलं असतं.

हवा पूर्ण जाऊन चाक बसेपर्यंत आम्ही तिथेच थांबलो. नंतर टायर खोलला तेव्हा आतून वीतभर तारा तुटलेल्या होत्या. ट्रकवाल्याने त्यांना बोट लावून पाहिलं आणि तो खाली बसला. मामांनी मात्र टायर पाहिला नाही. ते माझी चुरगळलेली कॉलर हाताने सरळ करत होते, आणि ती काही सरळ होत नव्हती.

"उद्यापासून नळी तू धरायची," ते म्हणाले. "लांब नळी आणू. कुठे उभं राहायचं, किती भरायची, मी शिकवीन. पण ऐकायचं काम तुझं."

मी वळून पाहिलं. काउंटर मागे, तिकडे लांब होतं.

"हो," मी म्हणालो.

त्यांनी हसून मान डोलावली. त्यांना ऐकू आलेलं नाही हे मला कळलं. मग मी पुढे झालो, त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि जिवाच्या आकांताने ओरडलो, "हो, मामा!"