संतपूरचा जमादार

राघोबांचं पत्र पौषात आलं आणि होळी तोंडावर आली तरी मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. गावातल्या निम्म्या घरांची पत्रं मीच लिहीत असे. कुणाच्या लेकीचं बाळंतपण, कुणाचा हरवलेला बैल, कुणाचा तहसीलला अर्ज. मराठीत हवं तर मराठीत, उर्दूत हवं तर उर्दूत. स्वतःच्या पत्राला मात्र माझा हात उठत नव्हता.

पत्रात विचारलेल्या गोष्टी दोनच होत्या. आमचं कुत्रं तुमच्या गाडीमागं आलं आहे काय? आणि आमची म्हाळसा तुम्हांस पसंत आहे काय? शेवटी राघोबांनी लिहवून घेतलं होतं की अफजलपूरकडचं एक स्थळ सांगून आलं आहे, तरी होळीपर्यंत तुमची वाट पाहतो.

दोन्ही प्रश्नांचं खरं उत्तर 'होय' असंच होतं. पण अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बजावून ठेवलं होतं, "त्या घराला कागद गेला तर हात मोडून ठिवीन." आणि मी असा की अण्णांनी घसा खाकरला तरी माझ्या हातातलं पुस्तक मिटत असे.

हे निजामाच्या राज्यातलं. आम्ही मंठाळचे. अण्णांचा घोंगड्यांचा व्यापार होता. त्यांचं नाव अप्पाराव, पण बाजारात सगळे त्यांना 'पंच' म्हणत आणि ते त्यांना आवडे. संतपूरचे राघोबा मेंढरं विकून शेतीला लागलेले. मुलगी बघायला चंपाषष्ठीलाच या, नैवेद्याला बसू, असा त्यांचा निरोप होता. दोन्ही घरांचा देव मैलार, म्हणजे खंडोबा. त्यामुळे दोन्हीकडची रीत एकच: आषाढापासून सोडलेलं वांगं त्या दिवशी खायचं, भरीत आणि रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा, आणि देवाच्या मागोमाग पहिला घास कुत्र्यानं घ्यायचा. कुत्रं देवाचं. त्यानं तोंड लावल्याशिवाय घरातलं माणूस जेवत नाही.

राघोबांकडं कुत्री दोन होती. ऐन वेळी त्यांतलं एकही जागेवर नव्हतं.

"जमादाऽर! ए जमादाऽर! चिमणेऽ!" परसातून मुलीचा आवाज येत होता.

"जमादार कोन?" अण्णांनी विचारलं. "पोलिसातला पावना हाय का?"

"कुत्रं हाय जी," राघोबा ओशाळून म्हणाले. "लई रुबाब करतंय म्हनून पोरीनं नाव ठिवलं."

चिमणी नावाची कुत्री कणगीखाली सापडली, पण ती बाहेर येईना. जमादार आला तो डुलत. पोट ढोलकीसारखं तटतटलेलं, कपाळाला चार घरचा भंडारा, मिशांना भरीत. गल्लीत पाळलेली कुत्री एवढीच, त्यामुळे सकाळपासून घरोघर त्याला बोलावणं होतं. त्यानं आमच्यासमोरच्या पानाला नाक लावलं, आमच्याकडं पाठ फिरवली आणि दारात आडवा झाला.

वाट बघणं सुरू झालं. भरताचा वास घरभर फिरत होता. अण्णा पहाटेपासून उपाशी होते आणि उपाशी अण्णा ही साधी गोष्ट नव्हती. मी विशीतला होतो. चार माणसांत बसलो की मला माझे हात नको तेवढे लांब वाटत. ते मी मांडीखाली घातले होते.

"उठ की रे, खा," राघोबा कुत्र्याची विनवणी करत होते.

"किती येळ कुत्र्याच्या पाया पडायलाव?" अण्णा म्हणाले.

तेव्हा राघोबांची थोरली बहीण, राजूबाई, चुलीपुढून उठून आली. "कुत्रं खाईना तर मानसानं कुत्रं व्हावं," ती म्हणाली. "आमच्या घरची रीत हाय. च्यार पायावर यावं, भुंकावं, आनी त्वांडानं घास उचलावा. पावन्याचा मान पैला." आणि तिनं सरळ अण्णांकडं बघितलं.

"मी? मी भुंकू?"

"देवाम्होरं कसली लाज वो?"

"मंठाळच्या पंचात बसतो मी, बाई!"

"पंचं जेवत न्हाईत का?"

माणसं हसली. अण्णांचे कान लाल झाले. बैठक आता मोडणार हे सगळ्यांना कळलं. मी मान वर केली तर मुलगी आतल्या दारात उभी. तिचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. ती कुत्र्याकडं बघत होती. ओठ हलत होते, "खा की रे मुडद्या," आणि डोळे भरलेले.

मी ते का केलं हे मला अजून सांगता येत नाही. मी गुडघ्यावर आलो, मग हातांवर आलो, आणि भुंकलो.

पहिलं भुंकणं खोकल्यासारखं निघालं.

"कुत्रं हाय का कोकरू?" राजूबाई म्हणाली. "मोठ्यानं!"

दुसऱ्यांदा थोडं बरं झालं. तिसऱ्यांदा पोटातून काहीतरी आलं. इतका मोठा आवाज मी जन्मात काढला नव्हता. आतल्या दारातून तिचं हसू ऐकू आलं. थांबलं, दाबलं गेलं, पुन्हा फुटलं. आणि जमादार उठला. आपल्या घरात, आपल्या पानावर परकं कुत्रं! तो पोटासकट धावत आला, खांद्यानं मला ढकललं, आख्खा रोडगा गिळला आणि वर माझा कान चाटला.

"येळकोट, येळकोट!" सगळे ओरडले. भंडारा उधळला. पानं वाढायला घेतली.

अण्णा उठले. "सोयरीक बघाया आलतो," ते म्हणाले, "माझ्या लेकाचं कुत्रं केलाव." राघोबा आडवे आले, राजूबाई पदर पसरून आली, पण अण्णांनी गाडी जुंपली. मी त्यांच्या मागं निघालो, उपाशी. मागं वळून बघायचं धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवशी वाटेत भाकरीचं गाठोडं सोडलं तर भाकरी नाहीत. मी वाकून पाहिलं. गाडीखाली, आसाच्या सावलीत जमादार चालत होता. त्याच्या दृष्टीनं मी त्याच्यातलाच निघालो होतो, आणि आपलं माणूस चाललं तर सोबत जायला हवं, एवढंच त्याला कळलं असावं. अण्णांनी ढेकूळ फेकून मारलं. ते त्यानं तोंडात धरून परत आणलं आणि अण्णांच्या पायाशी ठेवलं. अण्णांनी आणखी लांब फेकलं. जमादाराला हा खेळ फार आवडला.

"पोरगी आनाया गेलताव आनी कुत्रं घिऊन आलाव व्हय?" माय दारातच म्हणाली. तिचं नाव कोंडाबाई. अण्णांना न भिणारं घरातलं एकमेव माणूस.

मग आमचं घर जमादाराच्या ताब्यात गेलं. लोकरीचे गुंडे तो गल्लीभर उलगडत नेई. आलेल्या पाहुण्याचा एकच जोडा पळवी, आणि तोही नेहमी डावा. मी वाचायला बसलो की उघड्या पानावर पंजा ठेवी आणि माझ्याकडं बघत राही. पान उलटायचं तर त्याच्याशी हुज्जत घालावी लागे. एकदा अण्णांचा फेटा घेऊन तो ओसरीखाली शिरला. अण्णा काठी घेऊन ओरडत दाराकडं धावले, "जमादार, भाईर निघ! चोरट्या! तंगडं मोडतो तुझं!" आणि दारात गस्तीवर आलेला खराखुरा जमादार उभा.

"क्या जी अप्पाराव," तो बिचारा दोन पावलं मागं सरून म्हणाला, "हमने क्या चुराया?"

त्याला गूळ-पाणी देऊन, हात जोडून, अण्णांनी सगळा खुलासा केला. तोवर कुत्र्यानं त्याचा डावा जोडा नेला होता.

"उद्याच ह्ये बेणं संतपूरला धाडायचं," अण्णा रोज म्हणत.

"धाडा की," माय म्हणे. "पन धाडायचं तर कागद लिहावा लागंल. कागद तर तुमी लिहू देईनाव."

अण्णा मात्र जमादारासाठी जेवताना भाकरीचा पापुद्रा काढून मांडीखाली सारत. कुणी बघत नाही असं त्यांना वाटे.

मी रोज कागद पुढं घेई. 'राजमान्य राजश्री राघोबा यांस' एवढं लिहून थांबे. कुत्रं परत पाठवतो म्हणावं तर त्या घराशी असलेला शेवटचा धागा तुटतो. मुलगी पसंत म्हणावं तर अण्णांचा शब्द मोडतो. आणि खरी भीती वेगळीच होती. ती हसली होती ते खुशीनं की माझी टर उडवत, हे मला कळत नव्हतं. दुपारी जमादाराच्या पाठीवर हात ठेवून मी विचारत असे, "ती कशी हाय रे?" तो जांभई देई.

ज्वारी काढणीला आली आणि एका सकाळी जमादार दिसेनासा झाला. दुपारी आला नाही, दिवस मावळला तरी आला नाही. माय म्हणाली, आपल्या घरी गेलं असंल. अण्णा म्हणाले, "बरं झालं, पीडा गेली," आणि जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी बाजार होता. अण्णा विकायच्या घोंगड्या न घेताच बाहेर पडले. मीही पांदीच्या बाजूनं शोधायला निघालो.

गावाबाहेरच्या माळावर मला त्यांचा आवाज ऐकू आला. "जमादाऽर!" हाका मारमारून घसा बसला होता. मी लिंबाआडून पाहिलं. अण्णा थांबले. डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. फेटा नीट केला. मग ते उकिडवे बसले, दोन्ही हात तोंडाशी धरले, आणि भुंकले.

मला कबूल केलं पाहिजे, अण्णांचं भुंकणं माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं होतं.

जमिनीतून उत्तर आलं. बारीक, चिरकं, पण उत्तर. अण्णा उठून धावले. त्या वयात त्यांना धावताना मी पहिल्यांदाच पाहिलं. माळावर जुनं धान्याचं पेव होतं, वापरात नसलेलं, वरची फळी कुजून पडलेली. त्याच्या तळाशी जमादार वर तोंड करून उभा होता.

अण्णांनी खांद्यावरची घोंगडी काढली. ती त्यांची ठेवणीतली होती, काळीभोर, कुणाला हात लावू देत नसत. तिचं टोक त्यांनी खाली सोडलं.

"धर रे लेकरा. घरात वडतोस की, तसंच धर."

जमादारानं दात रोवले. अण्णा ओढू लागले. मी मध्येच अर्धवट बाहेर आलो होतो, ते त्यांना दिसलं.

"कवापासून हुबा हायस?"

"आत्ताच आलो."

"खोटं बोलायलास." ते पुन्हा ओढू लागले. "बघतोस काय? धर हिकडून."

घोंगडी टर्रर्र फाटली, पण कुत्रं वर आलं. ते आधी अण्णांच्या अंगावर गेलं, मग माझ्या, मग पुन्हा अण्णांच्या. अण्णा त्याला शिव्या देत होते आणि त्याच्या पायांवरून हात फिरवून काही मोडलं तर नाही ना बघत होते.

घरी निघालो. जमादार आमच्यामध्ये चालत होता.

"त्या राघोबाचा कागद हाय, का फाडलास?" अण्णांनी समोर बघत विचारलं.

"हाय."

"लिही मंग. कुत्रं मिळायचं न्हाई म्हनावं. रुळलंय."

"बरं."

आणखी काही पावलं गेली. मग मी विचारलं. अण्णांना आपण होऊन काही विचारायची ती माझी पहिलीच वेळ. "आनी पोरीचं?"

ते थांबले. "तुला काय वाटायलंय?"

मला असं कुणी विचारलं नव्हतं. "ती हसली तवा," मी म्हणालो, "मला वाईट न्हाई वाटलं."

अण्णांनी माझ्याकडं नीट बघितलं. "कुत्रं बघायचं आसंल तर हितंच नांदाय ये म्हनावं तिला," ते म्हणाले. "आनी त्या राजूबाईला ह्यातलं कायबी कळाय नगं."

"ह्यातलं म्हंजे?"

"काय न्हाई. चल."

त्या दिवशी पत्र एकाच बैठकीत उतरलं. 'आपले कुत्रे सुखरूप आहे. ते परत पाठविण्याचा विचार नाही. आपली कन्या पसंत आहे. कुत्रे कोणाचे ऐकत नाही, तरी तिने लौकर यावे.' मला वाटलं होतं, फारच कोरडं झालं. पुढं कितीतरी वर्षं म्हाळसा या ओळी चूल फुंकता फुंकता म्हणून दाखवायची, माझ्यासारखी मान खाली घालून, माझ्याच आवाजात. आता ती नाही, आणि त्या ओळी घरात माझ्याशिवाय कुणाला येत नाहीत.

पत्र टाकायला कल्याणीला चालत गेलो. जमादार होताच. टपालघराच्या पेटीत मी पत्र अर्धं घातलं आणि तसाच उभा राहिलो. पत्ता बरोबर आहे का, 'कन्या' लिहिलं ते बरं का 'मुलगी' हवं होतं, होळीच्या आत पोचेल का, आणि ती नाही म्हणाली तर?

"डालो मियाँ," खिडकीतून टपालबाबू म्हणाले, "ख़त है, बिच्छू नहीं."

मी बोटं सोडली. पेटी रिकामी असावी. पत्र तळाशी टेकल्याचा हलका आवाज झाला, आणि जमादारानं कान टवकारून पेटीकडं बघितलं.